निरोप्याचं काय करायचं?

कोसमटोला, ता. धानोरा
११ जानेवारी १९८७

ती. अंजनाबाईस,
धाकटा भाऊ देवाजी याचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्राच्या सुरुवातीला खुशाली लिहायची रीत आहे म्हणून लिहितो की इकडे सर्व बरे आहेत. पण बरे नाहीत. चंदाची आई असती तर तिच्याशी बोललो असतो. आता तुझ्याशिवाय कोणाजवळ हे काढता येत नाही.

गावचं पोस्ट माझ्या ओसरीवर आलं त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी परक्याचं कार्ड वाचलं नाही. पत्त्याची बाजू वर धरायची आणि शिक्का मारायचा, एवढंच. चंदाची आई म्हणायची की गावात ज्याला सगळ्यात आधी खबर कळायला हवी तो माणूस सगळ्यात शेवटी ऐकतो. तर गेल्या मंगळवारी मी कार्ड वाचलं. चंदाच्या नावाचं होतं आणि अक्षर आपल्या गुणवंतचं, म्हणून नजर गेली. जसंच्या तसं उतरवतो:

"रेवा, निरोप्या हाती लागला आहे. म्हातारा आहे, हत्यार नाही, जवळ एक बंद पत्र आहे. सोडला तर टोळीला आपला ठावठिकाणा कळेल. मारला तर तुझी शपथ मोडेल. बाकी चौघांचं म्हणणं, मारावा. अठरा तारखेच्या आत मत कळव. नाही आलं तर होकार धरू. गुणवंत."

पोराला मी चंद्रपूरला पॉलिटेक्निकला पाठवलं ते यासाठी? आणि ही रेवा कोण? दुसरी नावं कोण घेतात ते इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. जंगलातले दादा लोक महिन्यातून एकदा गावावरून जातात, त्यांच्या मागून पोलिसांची जीप येते, आणि दोघंही आम्हालाच विचारतात की ते कुठे गेले. त्यात दीड महिन्यापूर्वी पोलिसांनी आमचा सुकलू उचलला. सुकलू म्हणजे माझी टपालाची थैली धानोऱ्याला पायी नेणारा रनर. थैलीतून दादा लोकांच्या चिठ्ठ्या नेतो असा संशय. तेव्हापासून थैली मीच नेतो आणि गुडघे बोलतात.

चंदाचंही लक्षण ठीक नाही. गोठ्यामागे बसून चिंचोके टाकते, मोजते आणि वहीत काही लिहिते. मी गेलो की वही पदराखाली. बुधवारी विचारत होती, दादाचं कार्ड आलं का. मी नाही म्हणालो. कार्ड माझ्या पेटीत आहे.

ठाणेदार ओळखीचा आहे. मीच आधी जाऊन सांगितलं तर पोराचं थोडक्यात निभावेल, असं रोज वाटतं आणि रोज पाय निघत नाही. काय करू ते लवकर लिही. भाऊजींना जयभीम. तुझी माया माझ्या डोक्यावर आहे तशीच राहू दे.

तुझा,
देवाजी

---

चिमूर
१७ जानेवारी १९८७

चि. देवाजीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तुझे भाऊजी जेवत होते त्यांनाही वाचून दाखवलं. त्यांचा घास हातातच राहिला. माझा नाही राहिला. बत्तीस वर्षं मास्तरकी केली, पोरांच्या चिठ्ठ्या पकडण्यातच निम्मी गेली. ज्याला खरंच माणूस मारायचा आहे तो उघड्या कार्डावर लिहून बहिणीचं मत मागवत नाही रे शहाण्या, तेही पोस्टमास्तरच्या पोरीचं!

ठाण्यावर जायचं नाही. बेचाळीस साली मी नऊ वर्षांची होते, तू पाळण्यात. त्या वेळी चिमुरात कोणी कोणाचं नाव सांगितलं ते लोक अजून मनात ठेवून आहेत. नाव एकदा तोंडातून गेलं की परत येत नाही. पोरीला समोर बसवून सरळ विचार. गुणवंतला मी वेगळं लिहिलं आहे, आणि त्यात तुझं कार्ड दाबणंही लिहिलं आहे. राग आला तर येऊ दे.

आणखी एक. सुकलूला नेलं असं तू लिहिलंस, गुडघ्यांचंही लिहिलंस. पण ते तुझ्याकडे चौकशीला आले असतील ना? तू काय सांगितलंस? ते पत्रात कुठेच नाही. मी दोनदा शोधलं. सुकलूच्या बायकोला, सीताला, मी तुझ्याच ओसरीवर पाहिलं आहे. ती आता येते का?

जपून राहा, गुडघ्यांना मोहाचं तेल लाव, आणि बहिणीचं बोलणं मनाला लागलं तर तेलच समज.

अंजनाबाई

---

चंद्रपूर
२४ जानेवारी १९८७

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

आत्याबाईंचं पत्र मिळालं. आधी हसलो, मग हसू गेलं.

बाबा, तो खेळ आहे. आमच्या वसतिगृहात खाणीवरच्या एका साहेबाचा मुलगा आहे, त्याच्या मामाने परदेशातून त्या खेळाचं पुस्तक आणलं. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं. एक जण गोष्ट सांगतो, समोर जंगल उभं करतो, राक्षस आणतो, आणि आपण काय करू ते आपण सांगायचं. जमलं की नाही ते फाशावर. दर रविवारी खेळतो. बारावीनंतर चंदी घरी बसली आहे, तिचं डोकं माझ्याहून चांगलं, म्हणून तिला कार्डावरून घेतलं. चिंचोके म्हणजे तिचे फासे. रेवा म्हणजे तिची वीरांगना. तिने शपथ तुमच्या विहारातल्या पहिल्या शीलावरून घेतली, की हत्यार नसलेल्यावर शस्त्र उचलणार नाही.

खेळात प्रत्येकाच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं, हा चांगल्यांचा, हा वाईटांचा. निरोप्याच्या कागदावर वाईट लिहिलं होतं. आमच्या पोरांचं म्हणणं, लिहिलंच आहे तर मारण्यात पाप कसलं. चंदीने डिसेंबरातच, तो हाती लागण्याआधी, एका कार्डात विचारलं होतं, त्याच्या कागदावर लिहिणारा कोण, आणि त्याने निरोप्याला कधी पाहिलं होतं का? आम्ही त्यावर दोन रविवार भांडलो.

अठरा तारखेला तिचं कार्ड आलं नाही. नियमाप्रमाणे होकार धरला. मारला. मग बंद पत्र उघडलं. गोष्ट सांगणाऱ्याने वाचून दाखवलं, "आमच्या मेलेल्यांना पुरायला दोन दिवस द्या." रेवाची शपथ मोडली, तिची सगळी शक्ती गेली. चंदीला मी कसं सांगू? तिने तर काही केलंच नव्हतं.

तुम्ही माझ्यावर संशय घेतला याचं दुःख आहे, पण इकडचे दिवस तसे आहेत हे समजतं. तिचं कार्ड दाबलंत ते समजत नाही. ते मात्र तुम्हीच तिला सांगा.

रागावून लिहिलं असलं तरी मुलगा तुमचाच आहे, तेवढं धरून चाला.

गुणवंत

---

कोसमटोला
६ फेब्रुवारी १९८७

चि. गुणवंतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खेळाबद्दल माझा संशय अजून पूर्ण गेलेला नाही. फासा टाकताना त्या साहेबाच्या पोरावर कोण लक्ष ठेवतं? पण ते असो.

चंदासमोर कार्ड ठेवलं आणि तुझं पत्रही. तिने दोन्ही वाचली. मला वाटलं रडेल, भांडेल. तिने हातातले चिंचोके खाली ठेवले. मग म्हणाली की बाबा, तुम्ही सुकलूभाऊच्या वेळेस जे बोलले, त्याले काय म्हणाचं? मी म्हणालो मी काहीच बोललो नाही. तर म्हणाली, तेच तर इचारून राह्यली.

पोलीस आले होते तेव्हा चंदा दाराआड होती. मला विचारलं, सुकलू कसा माणूस आहे. मी सांगितलं की माझं काम शिक्क्यापुरतं, वाटेत तो काय करतो मले काई माहीत नाई. गुणवंत, मला माहीत होतं. थैलीचं तोंड मी स्वतः बांधतो, गाठीवर लाख ओततो आणि शिक्का दाबतो. धानोऱ्याचे लोक शिक्का पाहूनच थैली उतरवून घेतात. सुकलूच्या नऊ वर्षांत तो एकदाही फुटलेला निघाला नाही. बारा किलोमीटर चालून सुकलू ठरल्या वेळेला पोचायचा, वाट वाकडी करायला त्याला वेळच नव्हता. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मला तुमच्यासाठी भीती वाटली. बापाने तोंड उघडलं तर पोरांच्या नावापुढे काही लिहिलं जाईल, अशी. मी स्वतःला शीलवान समजतो आणि दर रविवारी विहारात पुढे बसतो. मला लाज वाटते.

आत्याबाईने जायचं नाही म्हटलं होतं, तरी तीन तारखेला ठाण्यावर गेलो. नाव सांगायला नाही, नाव सोडवायला. सगळं लिहून दिलं आणि सही केली. त्यांनी विचारलं की हे दोन महिन्यांपूर्वी काऊन नाई सांगितलं. मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर आता काही दिवस माझ्यावर राहणार. राहू दे. सुकलूला सोडतील की नाही ते काही बोलले नाहीत. सीताबाईला सांगायला गेलो, तिने दार उघडलं नाही.

तुमच्या खेळात शपथ मोडलेल्याला पुन्हा उभं राहायची वाट असते का? असेल तर कळव. चंदासाठी विचारतो आहे.

बापाला पत्र टाकत जा, उघडं टाकलंस तरी चालेल.

देवाजी

---

कोसमटोला
२७ फेब्रुवारी १९८७

प्रिय दादास, जयभीम.

बाबांनी तुला विचारलेला प्रश्न त्यांनी मला दाखवला. चंदासाठी म्हणे! तुझं उत्तरही दोघांनी मिळून वाचलं. रेवाने निरोप्याच्या गावी हत्याराशिवाय जायचं, त्याच्या माणसांना खरं सांगायचं आणि ते देतील ती शिक्षा घ्यायची, वाचेल की नाही ते फाशावर. माझं ठरलं, रेवा जाते. चिंचोके टाकले, आकडा सात. फार चांगला नाही, पण बदलू नकोस.

सोमवारी सुकलूभाऊ आले. खूप वाळले आहेत आणि डावा पाय ओढतात. बाबा ओसरीवरून उठून खाली उतरले, हात जोडले आणि म्हणाले की मी तेव्हा खोटं बोललो. सगळं गाव पाहत होतं. सुकलूभाऊ तसेच घरी गेले. बाबा जेवले नाहीत. मंगळवारीही थैली बाबांनीच नेली, बुधवारीही.

आज सकाळी सुकलूभाऊ येऊन पायरीखाली उभे राहिले. बाबांकडे पाहिलं नाही. थैली बांधून होईपर्यंत थांबले, लाख थंड होऊ दिली, शिक्क्यावरून एकदा अंगठा फिरवून पाहिला आणि थैली खांद्यावर घेतली. संध्याकाळी परतल्यावर, उद्याचीही आपणच नेणार म्हणून, आपली काठी ओसरीलाच टेकवून ठेवली आहे, आणि बाबा मघापासून तिच्याकडेच पाहत बसले आहेत.

हे कार्ड उद्याच्या थैलीत. बाबांनी उलटं धरून, न वाचता शिक्का मारला. म्हणून तो थोडा तुझ्या नावावर पडला आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी,
चंदा (आणि रेवा, वाचली तर)