भिंतीवरची कुकरी, गराजमधली कुकरी

प्रिय श्रीधर,

नोव्हायच्या याच स्वयंपाकघरात खाली वर्तमानपत्र पसरून तू तुझ्या नेपाळी कुकरीने लाल भोपळा फोडायचास, आठवतं? एका घावात दोन भकलं! छोटा निखिल टाळ्या वाजवायचा आणि मी ओरडायचे, "अरे, फरशी फुटेल!"

आज लिहायला बसले, कारण हे घर विकलं. शनिवारी निखिल मला कायमचं फ्रीमाँटला, त्याच्या घरी न्यायला येतोय. सकाळी फोनवर म्हणाला, "आई, बाबांची कुकरी मी घेणार. वॉलवरची. गराजमधलं ते गंजकं यार्ड सेलच्या जुन्या सामानात टाक, ओके?"

गंजकं! लग्नाआधी तू ट्रकच्या चाचणीसाठी नेपाळला गेलास, घाटात स्प्रिंगचा पाटा तुटला, आणि नवा येईपर्यंत धरानच्या लोहाराने त्याच तुटक्या पाट्याची तुला ती कुकरी घडवून दिली. तापलेल्या पात्याच्या फक्त धारेला किटलीतून पाणी पाजलं. धार कडक, पाठ चिवट. किती रंगवून सांगायचास मला! पोराला का नाही रे सांगितलंस?

तुझ्या साठीला त्याने इंटरनेटवरून ती चकचकीत कुकरी मागवली. सोबत 'हँडमेड' असल्याचं सर्टिफिकेट! तू त्याला मिठी मारलीस. "ए वन! अस्सल आहे रे!" मग माझ्या मागे येऊन कुजबुजलास, "कारखान्यातली आहे. मूठ नुसती चिकटवलीय. भोपळ्यावर मारली तर पातं उडून तुझ्या कपाळात बसेल." हसलो आपण. दुसऱ्या दिवशी खरी गराजमध्ये गेली आणि खोटी भिंतीवर चढली.

तेव्हा मला तो तुझा चांगुलपणा वाटला. पण आजारपणातही तेच केलंस ना? तो दर रविवारी विचारायचा, "बाबा, हाउ आर यू?" तू खोकला दाबून म्हणायचास, "ए वन!" मी फोन घेतला की डोळ्यांनी मला गप्प करायचास. तो आला तेव्हा तू फ्युनरल होममध्ये होतास. सगळ्यांदेखत तो मला म्हणाला, "यू न्यू, आई! माहीत होतं तुला! सांगितलं का नाहीस?" तुला नाही, मला! अजून माझ्याशी जपून बोलतो, पाहुणीशी बोलावं तसं. त्याच्या घरात मी अशी राहू?

त्याला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोललास तू, आणि भोगतेय मी.

शनिवारी, सामान गाडीत भरायच्या आधी, मी त्याला समोर बसवून सगळं सांगणार आहे. कुकरीचं, आणि त्या रविवारच्या फोनांचंही. हे माझं वचन समज.

तर वाटणी अशी: गराजमधली काळी कुकरी निखिलला. तेल लावून ठेवलीय. तिच्या म्यानातली छोटी सुरी मला, सफरचंदं चिरायला. चकचकीत कुकरी यार्ड सेलला, सर्टिफिकेटसकट.

आणि निखिलचा राग? तो आता तुझा तुला.

तुझीच,
नलू