कर्जदाराच्या घरचा चहा

मी, बिभीषण सूर्यभान शिंगाडे, वय ७१, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवतो. दबाव टाकायला घरात दुसरे कोणी नाहीच. पत्नी रत्नमाला वारली. मुलगा रामेश्वर पुण्याला असतो आणि रविवारी फोन करतो. वकीलसाहेबांनी बजावले होते की मिळकत तेवढी लिहा, पाल्हाळ नको. तेव्हा पाल्हाळाचा दोष त्यांच्यावर येऊ नये.

१. मुकुंदवाडीतील दोन खोल्यांचे घर रामेश्वरला मिळावे. तो तिथे राहायला येणार नाही हे मला ठाऊक आहे. विकायचे तर खुशाल विकावे, पण नळाला किती दिवसांनी पाणी येते ते गिऱ्हाइकाला आधी खरे सांगावे. दोष झाकून माल खपवणे आमच्या भागीदारीत कधी बसले नाही.

२. करमाडच्या दुकानात माझा निम्मा हिस्सा आहे. उरलेला निम्मा माझे भागीदार सय्यद वहाजोद्दीन यांच्या वारसांचा. वहाजभाई जाऊन चार वर्षे झाली. त्यांचे शहागंजात तांब्याच्या तारेचे दुकान होते आणि मी दुसऱ्याच्या हाताखाली जळालेल्या मोटारींत तार भरत होतो, तेव्हा त्यांनीच मला बोलावून घेतले. भांडवल त्यांचे, हात माझे. व्याज नाही. नफा निम्मा-निम्मा. तोटा आला तर पैसा त्यांचा जाईल आणि मेहनत माझी. याला ते मुदारबा म्हणत. मला त्यात काहीतरी गोम वाटली म्हणून मी आईला, बानाबाईला, विचारले. आम्ही मेंढरे राखणारी माणसे. आई म्हणाली, "अरं, ही तर अर्धल हाय. शेळी धन्याची, राखण आपली, करडं निम्मी-निम्मी. शेळी मेली तर धन्याची मेली, आपली राखण वाया गेली. त्यात भ्यायचं काय?"

दुसऱ्याच वर्षी करमाडचे दुकान फुटले आणि सगळी तार चोरीला गेली. मी दोन दिवस तोंड लपवून घरी बसलो. वहाजभाई आले, शेजारी टेकले आणि म्हणाले, "मेरा पैसा डूबा, तेरी मेहनत डूबी. रोता कायकू? चल, नवा तार भर." पुढे माझ्याकडे पैसा जमला, तेव्हा मीही भांडवल घातले आणि बरोबरीचा भागीदार झालो. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही, आणि त्यांच्यामागे मी दुकानात फारसा कोणाशी बोललोही नाही.

म्हणून माझा हिस्सा विकू नये. तो कलम ४ मधील फंडाच्या नावे करून आमचा कारागीर कृष्णा याला अर्धलीने चालवायला द्यावा. माझ्या हिश्श्याचा नफा निम्मा त्याचा, निम्मा फंडाचा. तोटा आला तर फंडाने सोसावा, कृष्णाच्या घरातली भांडी काढू नयेत. माझी हत्यारे मात्र कायमची त्याची. इन्सुलेशन तपासायचा मेगर जरा कमी दाखवतो, हे त्याला माहीत आहे.

३. बँकेतील बचत फंडात जावी. बँकेने टाकलेले व्याज मी दरवर्षी वेगळे काढून करमाडच्या सार्वजनिक मुतारीच्या डागडुजीला देत आलो. पुण्य म्हणून नव्हे, नको असलेला पैसा कुठेतरी जायला हवा म्हणून. तसेच चालू ठेवावे. रामेश्वरने एकदा हा फंड महिना दोन टक्क्यांनी फिरवावा असे सुचवले होते. त्याला तेव्हा दिलेले उत्तर इथे लिहिण्यासारखे नाही, पण ते कायम आहे.

४. फंडाविषयी. दरवर्षीच्या नफ्यातला काही भाग बाजूला काढून आम्ही शिकणाऱ्या पोरांना कर्ज-ए-हसना देत होतो. म्हणजे बिनव्याजी, कमावते झाल्यावर सवडीने फेडायचे कर्ज. अडचण असेल त्याला मुदत द्यायची, फारच अडचण असेल त्याला माफ करायचे. या फंडाची व्यवस्था कनीजभाभी (वहाजभाईंच्या पत्नी) आणि माझी भाची तनुजा यांनी बघावी. तनुजा याच पैशावर फार्मसी शिकली आणि तिचे कर्ज अजून फिटायचे आहे. सवड म्हणजे काय ते तिला चांगले कळते.

आणखी एक नियम होता. वहाजभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "कर्ज दिया तो कर्जदार के झाड की छाँव में भी नक्को बैठना." त्याच्याकडून फायदा घेतला की ते व्याजच. मी नमाजी नाही, पण शब्द दिला तो पाळला. कर्जदाराच्या घरी मी चहा घेतला नाही. लग्नाला गेलो तर आहेर देऊन स्वतःचा डबा उघडला. करमाडात पोरे मला डब्याचे काका म्हणतात. फंड वाढत गेला तशी चहाची घरे कमी होत गेली, आणि शेवटी कनीजभाभींचे घर आणि नाक्यावरचे हॉटेल एवढेच उरले. लोक मला कडक माणूस म्हणत आणि खरे सांगायचे तर ते मला गोड लागे.

तनुजाच्या कर्जाला तिची आई, म्हणजे माझी बहीण सत्यशीला, जामीन राहिली. तेव्हापासून मी तिच्या घरीही जेवलो नाही. दर भाऊबीजेला देवगाव रंगारीला जायचो, पाटावर बसून ओवाळून घ्यायचो, ताटात ओवाळणी टाकायचो आणि वाढलेल्या ताटाला हात न लावता उठायचो. मी नियम सांगितला होता, तिने ऐकूनही घेतला होता. गेल्या महिन्यातही तसाच उठून आलो.

परवा हा मसुदा दाखवायला कनीजभाभींकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून विचारले, "बहन के घर का कायकू नई खाते तुम?" मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "जहाँ पहले से आना-जाना है वहाँ का तो खाते थे वो. मना वो है जो कर्जे की वजह से नया मिले. बहन का घर नया होता क्या?" वहाजभाई हयात असताना ही एक गोष्ट मला विचारावीशी वाटली नाही. मला सगळे समजले आहे अशी माझी खात्री होती.

कनीजभाभींकडे जाण्याआधीचे टाइप केलेले आहे. पुढचे हाताने लिहितो.

५. फंडाच्या नियमात मी एवढीच भर घालतो: कर्ज मंजूर करण्याआधी व्यवस्थापकांनी त्या घरी एकदा जेवून यावे. मग येणे-जाणे आधीपासूनचे ठरते.

६. सत्यशीलेच्या नावे मी काहीही ठेवत नाही, म्हणजे साक्षीदार म्हणून तिची सही चालेल. आज न कळवता तिच्याकडे आलो आणि जेवायला वाढ म्हणालो. ती म्हणाली, "आज सण नाय, काय नाय. नुस्तं पिठलं हाय." मी चालेल म्हणालो. कनीजभाभी काय म्हणाल्या तेही सांगितले. तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तुझे दाजी जाईस्तोवर म्हणायचे, बिभीषण शहरात गेला, आता आपल्या घरची भाकर त्याच्या घशाखाली उतरत नाय. मी लई सांगितलं, तसं नाय म्हणून. त्यांना पटलं नाय."

मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

लिहून देणार: बिभीषण सूर्यभान शिंगाडे (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष सही केली:
१. सत्यशीला, लिहून देणाराची बहीण (सही)
२. सर्जेराव, शेजारी, फंडाचे कर्ज नाही, विचारून घेतले (सही)

ठिकाण: देवगाव रंगारी, सत्यशीलेचे स्वयंपाकघर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, जेवण झाल्यावर