दोन्ही याद्यांत नसलेला

९ ऑगस्ट

ती. मामंजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानेच जुळवता, म्हणून पत्रच लिहिते. खोली बरी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. दिवसभर माणसं चढतात-उतरतात, तेवढीच सोबत.

विद्यापीठात पहिल्याच दिवशी शिपायाने मला वर्गाच्या दारात अडवलं आणि पालकांनी खाली बसायचं, असं सांगितलं. मुलं आधी ‘मॅडम’ म्हणाली, मग ‘काकू’, आता ‘ताई’वर आली आहेत. अशीच उतरत गेली तर परीक्षेपर्यंत बाळसं धरेन!

विषय डेटाबेसचा. माहिती तक्त्यांत अशी मांडायची, की लाखो नोंदींतून हवी ती झटक्यात सापडावी. एका नावाची दोन माणसं असू शकतात, म्हणून प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा क्रमांक. त्याला ‘की’ म्हणतात. आज्ञा लिहिताना एक स्वल्पविराम राहिला, तर यंत्र तोंड फिरवतं. काल दुपारभर त्याची मनधरणी करत होते.

यांची होडी रिकामी सापडली त्याला चार वर्षं झाली. नदीची खोली मोजायला गेलेल्या माणसाची वाट नदीकडे बघत बसून सरत नाही, असं म्हणून तुम्ही मला घराबाहेर काढलंत. तेव्हा ते जिव्हारी लागलं होतं. आता राग नाही. एकच मागणं आहे : तिकडे काही कळलं तर माझ्यापासून लपवू नका.

गुडघ्याची काळजी घ्या. लोभ आहे तेवढा राहू द्या, हट्ट मात्र निम्म्यावर आणा.

तुमची सून

२२ ऑगस्ट

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. शेजारच्या मास्तरांनाही वाचून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही हे पाहून बरं वाटलं, कारण मलाही कळलं नव्हतं.

मात्र ती ‘की’ मला पटली. आमच्या डेपोत एकाच नावाचे दोन ड्रायव्हर होते. एकाने मंजूर करून घेतलेली रजा दुसराच उपभोगून आला, आणि पहिला आठवडाभर बस हाकत त्याच्या नावाने बोटं मोडत बसला. तुझं यंत्र तेव्हा हवं होतं. एक विचारायचं राहिलं. चुकीची आज्ञा दिली गेली, तर त्याला बससारखा रिव्हर्स आहे का?

घरी सगळं ठीक. स्वयंपाक मीच करतो आणि नावंही मीच ठेवतो. त्याची खोली रोज झाडतो. तू गेल्यापासून घर फार मोठं झालंय.

आशीर्वाद आहेतच. पत्र आखूड लिहिलंस तर परत पाठवीन.

तुझे मामंजी

४ ऑक्टोबर

ती. मामंजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

रिव्हर्स आहे. पण एकदा ‘कायम कर’ म्हटलं, की गाडी मागे येत नाही.

आता जे झालं ते सांगते. सरांनी घरातल्या माणसांचा तक्ता करायला सांगितला होता. एक रकाना ‘हयात की दिवंगत’ असा. सासूबाईंपर्यंत सगळे भरले. यांच्यापुढे हात चालेना, तो रकाना तसाच सोडला. मग वर्गात सरांनी आज्ञा द्यायला लावली : जे हयात आहेत त्यांची यादी दाखव. हे आले नाहीत. मग, जे हयात नाहीत त्यांची दाखव. त्यातही नाहीत. मामंजी, मी दोन्ही याद्या पुन्हा पुन्हा काढल्या.

सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, ताई, एक रकाना राहिलाय, भरून टाका, दोनच तर पर्याय आहेत. मी म्हटलं, सर, माहीत नाही. पोरं हसली, आणि माझ्याकडे बघून आपापल्या पडद्यांकडे वळली. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

परतले तेव्हा सर माझ्याच जागी बसले होते. हळू आवाजात म्हणाले, की रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे आणि ‘नाही’ही नव्हे, ‘ठाऊक नाही’ हेच त्याचं उत्तर. तुमचं बरोबर आहे, तसंच ठेवा. पैकीच्या पैकी गुण दिले. असे गुण वैऱ्यालाही मिळू नयेत.

आज जास्त लिहवत नाही. पत्र आखूड झालंय, तरी ठेवून घ्या.

तुमची सून

२ नोव्हेंबर

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

लपवू नका म्हणाली होतीस, म्हणून बसून घे आणि मग वाच.

पाऊस नसल्याने नदी यंदा आत्ताच खूप आटली. खालच्या वळणावर गाळ काढणाऱ्या मजुरांना एका माणसाची हाडं सापडली. पोलीस घरी आले होते. रक्त जुळवून पाहायचं म्हणून मला दवाखान्यात नेलं. सुई टोचणारी मुलगी म्हणाली, आजोबा, थोडं दुखेल. मी म्हटलं, टोच पोरी, दुखायचं ते दुखून झालंय.

अहवालाला वेळ लागेल. तू परीक्षा टाकून येऊ नकोस. इथे येऊन काय करशील? माझ्यासारखीच फाटकाकडे बघत बसशील. मला एकट्याला ते जमतं.

तुझे मामंजी

२६ नोव्हेंबर

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तो नव्हे. काल अहवाल आला.

अधिकाऱ्यांना वाटलं मी सुटकेने रडतोय. त्यांनी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, अजून आशा आहे म्हणाले. त्यांना कसं सांगू, की तोच असावा म्हणून मी महिनाभर देवाला साकडं घालत होतो? बाप आहे मी त्याचा.

निघताना विचारलं, मग या माणसाचं काय? म्हणाले, मुदत संपली, कोणीच विचारायला आलं नाही. मी म्हटलं, मला द्या. ते म्हणाले, नातं काय लिहू? मी म्हटलं, काही नाही असं लिहा. त्यांनी तसंच लिहिलं आणि सही केली. रविवारी सकाळी अग्नी देणार आहे.

गुंडाळायला कापड लागेल. कपाटात त्याचा पांढरा शर्ट आहे, तू घेतलेला, घडीसुद्धा न मोडलेला. तो देऊ का? तू नको म्हणालीस तर बाजारातून चादर आणीन. मनाविरुद्ध हो म्हणू नकोस.

तुझे मामंजी

२९ नोव्हेंबर

ती. मामंजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या वर्गातला एक मुलगा उद्या तिकडेच येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. परीक्षा आज संपली. बरी गेली असावी. पेपरात काय लिहिलं ते आठवत नाही.

तुमचं पत्र वाचून मी जिन्यावरच बसून राहिले. मामंजी, साकडं मीही घातलं होतं. बायको आहे मी त्यांची. तेव्हा एकट्याने तोंड लपवू नका.

त्या माणसाचीही कोणी असेल. ती कुठल्या गावात कोणत्या फाटकाकडे बघत असेल, आणि तिला कळवणार कोण? रविवारी तिच्या जागी मी उभी राहीन. यांच्यासाठी मात्र अजून रडणार नाही, हेही सांगून ठेवते. त्यावरून मला बोलू नका.

शर्ट द्या. मनापासून सांगते. शनिवारी संध्याकाळच्या बसने पोचते, तोवर तो घडीतून काढू नका. इतकी वर्षं पडून चुरगळला असेल. इस्त्री मी करीन.

तुमची सून