एक टब जलपर्णी

१२ मार्च
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
हौदात जलपर्णी फार झाली म्हणून उरलेली टबभर तळ्यात सोडलीस, हे तू दानधर्म केल्यासारखं लिहिलं आहेस. मी बावीस वर्षं तणनिर्मूलन खात्यात हीच वनस्पती उपसते आहे. बहिणीची नोकरी टिकावी म्हणून घेतलेले हे कष्ट पाहून भरून आलं. जलपर्णी मूळची परक्या खंडातली. तिला खाऊन आटोक्यात ठेवणारं इथे कोणी नाही. जगभरातली कितीतरी तळी तिने अशाच हौशी माणसांच्या मदतीने गिळली. पंधरा दिवसांत दुप्पट होते. आजच काढ. बाबांना नमस्कार.
तुझी, अजून तरी, ताई

२ एप्रिल
ती. ताईस, सा. न. वि. वि.
तुला प्रत्येक पानात गुन्हेगार दिसतो. इथे लोक जांभळी फुलं बघायला येतात. नावाडीकाका तेवढे पुटपुटतात, पण त्यांना वाराही आवडत नाही. खात्याचा राग भावावर काढू नये, ही विनंती.
तुझा लाडका

१९ सप्टेंबर
ती. ताईस, सा. न. वि. वि.
तुझ्या मधल्या तीन पत्रांना उत्तर देणं सोयीचं नव्हतं. आता तळं दिसतच नाही. मासे मरून काठाला लागले. परवा बाबांच्या छातीत दुखू लागलं. दवाखाना पलीकडे, होडीने दहा मिनिटांवर. होडी मध्येच अडकली. काका कोयत्याने मुळं तोडत होते, मी हातांनी. पाऊण तास गेला. बाबा वाचले, थोडक्यात. काकांनी विचारलं, ही ब्याद आली कुठून. मी म्हणालो, पक्ष्यांच्या पायांना चिकटून येत असेल.
धाकटा

२४ सप्टेंबर
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
बाबांशी फोनवर बोलले, तेव्हा कुठे हे पत्र लिहायला बसले. टब उचलणारा पक्षी आमच्या खात्याच्या नोंदीत नाही. पुढच्या रविवारी यंत्र घेऊन येते. उपसायचं काम ते करेल. काकांना खरं सांगायचं काम तुझंच.
ताई

३० सप्टेंबर
ती. ताईस, सा. न. वि. वि.
सांगितलं. काका रागावले नाहीत. म्हणाले, टब ओतताना त्यांनी मला पाहिलंच होतं. मी कधी बोलतो, याची सहा महिने वाट पाहत होते. मग त्यांनी माझ्या हातात जलपर्णी ओढायचं दाताळं दिलं. तीन दिवस छातीभर पाण्यात उभा आहे. खाटेएवढं पाणी मोकळं झालं. बाबांनी काठावरून पाहिलं आणि विचारलं, एवढंच का.
लोभ मागायला तोंड नाही. तू ये.
धाकटा