कुणाचा ठोका?

सिरसाळा

आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही होतात तोवर तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नाही. आज लिहिते आहे, कारण काल दुपारी तुमच्या नातसुनेच्या पोटातला ठोका मी माझ्या कानाने ऐकला. हे तुमच्याखेरीज आणखी कुणाला सांगावं? शिवाय एक चूक कबूल करायची आहे. समोरासमोर ती माझ्या तोंडून निघाली नसती, हे तुम्हीही जाणता.

रेखाला तुम्ही पाहिलं नाही. तुम्ही गेलात आणि वर्षभराने आपल्या सुधीरचं लग्न झालं. मुलगी शहाणी आहे, बोलकी आहे, मला घाबरत नाही. पण गेल्या साली चौथ्या महिन्यात तिचं पोट रिकामं झालं. या वेळी दिवस राहिले तशी ती जेवेचना. पोटावर हात ठेवून बसून राहायची. मी म्हणायची, "काळजी करून पोट भरतं का?" माझी समजूत घालायची पद्धत तुम्हाला माहीतच आहे!

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मी शाळेतून आले, तर ही पलंगावर आडवी आणि पोटावर तुमची नळी. दाईंच्या शिबिरात तुम्हाला मिळालेली ती ॲल्युमिनियमची, एका बाजूला कर्ण्यासारखी. ट्रंकेतून हिने शोधून काढली होती. स्वतःच्या पोटाला स्वतःचा कान कसा लागणार? पण हिने शेजारच्या नसीमाला बोलावून कान लावायला सांगितलं होतं.

"आई, ऐकू आलं! नसीमाभाभी म्हणतात, ठक ठक वाजतंय!"

"तौबा, एकदम साफ वाजतंय, मॅडम. तुमीच ऐका," नसीमा म्हणाली.

मी ऐकलं. एका हाताने रेखाचं मनगट धरलं. नळीतला ठोका आणि मनगटातला ठोका एकच. मी शास्त्राची शिक्षिका. लगेच सांगून टाकलं, "हा तुझाच ठोका आहे. बाळाचा याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पडतो, आणि या नळीने पाचव्या महिन्याआधी ऐकू येत नाही."

तिचा चेहरा असा उतरला! रात्री ताट तसंच राहिलं. नसीमा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी रेखा पुन्हा नळी घेऊन आली. "आई, एकदा ऐका ना. तुम्ही ऐका." मी कान लावला. तिचाच ठोका, दुसरं काही नाही. डोकं वर केलं तर तिचे डोळे माझ्या तोंडाकडे. आणि माझ्या तोंडून निघालं, "ठोका चांगला आहे."

आत्याबाई, तुमचे शब्द! सुधीरच्या वेळी मला तिसरा महिना होता, दोन दिवस अंगावरून डाग गेले होते. तुम्ही हीच नळी लावलीत आणि म्हणालात, "कावून रडती पोरी? ठोका चांगला हाय. लई चांगला हाय. ऊठ, चार घास खा." मी उठले, जेवले, कितीतरी दिवसांनी झोपले.

आणि नंतर मी काय केलं? पुस्तकात वाचलं आणि सुधीरच्या बारशाला चार बायकांसमोर तुम्हाला विचारलं, "तिसऱ्या महिन्यात काही ऐकू येत नाही. खोटं का सांगितलंत?" तुम्ही नुसत्या हसलात. म्हणालात, "शिकलेली हाय बाई माझी सून. तिला सम्दं कळतं." बायका खो खो हसल्या. मला वाटलं, मी जिंकले.

तुम्ही बाळाचा ठोका म्हणालाच नव्हतात! कुणाचा ते मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. मग त्या दिवशी तोंडावर का नाही फेकलंत? फेकायला हवं होतं. इतकी वर्षं मी तुम्हाला खोटारडी समजले, ते तुम्ही चालवून का घेतलंत?

रेखा माझ्यासारखी नाही. तिने तिथल्या तिथे विचारलं, "चांगला आहे, पण कुणाचा?"

"तुझा," मी म्हटलं. "सध्या दोघांचं त्याच्यावरच चाललंय. तो चांगला आहे म्हणजे आज काळजीचं कारण नाही. ऊठ, जेव."

ती हसली. "आई, हे परवाच असं सांगितलं असतं तर?" आणि पिठलं-भाकरी खाल्ली, वर ठेचा मागून घेतला.

काल पाचवा महिना भरला. नळी लावली, पण ऐकू काय येणार? गल्लीत घरोघरी केबल आली आहे, भर दुपारी सगळ्यांच्या मालिका जोरात. इतक्यात लाइट गेली. गल्लीभर सगळे टीव्ही एकदम गप्प. आणि बेंबीच्या डाव्या बाजूला, खाली, अगदी बारीक, भराभर पळणारा ठोका! मनगट धरलं. मनगटातला आपला सावकाश. दोन वेगळे, आत्याबाई, दोन! मी घड्याळ लावून मोजायला गेले आणि आकडा चुकला. मी चुकले!

"कुणाचा?" रेखाने विचारलं. मी डोकं वर केलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रडायलाच लागली.

बाळंतपण दवाखान्यातच होईल, त्यात तुमचं ऐकणार नाही. खरं बोलणंही सोडणार नाही. पण एवढा शब्द देते: पुढचे चार महिने आणि त्या दिवशीही, तिने काहीही विचारलं तरी आधी तिच्याजवळ बसेन, मग उत्तर देईन.

तुमची शिकलेली सून,
विमल