उचकी लागलेला पक्षी

१२ फेब्रुवारी

ती. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे शेकतेस ना? की लोकांना सांगे ब्रह्मज्ञान? इकडे आमच्या लिलावघराचं वर्ष झोकात सुरू झालंय. नाण्यांचा लिलाव मीच पुकारला. हातोडा आपटून हात भरून आला, घसा पार बसला. मोठ्या बाईंनी स्वतः चहा आणून दिला, त्यावरून ओळख विक्री कशी झाली असेल!

आता पुढचं खाली बसून वाच. एका घरचा अख्खा संग्रह यंदा आमच्याकडे विकायला आलाय. चित्रं, फर्निचर, घड्याळं, खेळणी, सगळं. घर अत्तरसाहेबांचं. हो, तेच. ज्यांची गाडी चालवण्यात बाबांची उमेद गेली तेच. म्हातारा दवाखान्यात आहे आणि मुलगा घर आवरतोय. मी कुणाची कोण, हे त्याला ठाऊक नाही.

काल गोदामात खोकी उघडताना एक चांदीची डबी हाती आली. चावी दिली तर झाकण उघडून नखाएवढा पक्षी उभा राहिला आणि गायला लागला. गाता गाता त्याला उचकी लागली. आत्या, मी तिथेच फरशीवर बसकण मारली. तुझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात टेबलाखाली बसून याच उचकीला मी खिदळायचे. बाबांनी चोरला म्हणून जो गाजला, तो हाच ना? की मला वेड लागलंय?

तुझी,
बबडी

२० फेब्रुवारी

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

वेड लागलेलं नाही. त्याच्या आतला हवेचा भाता फाटला होता. मी त्याला कातड्याचं ठिगळ लावलं, ते जरा जाड पडलं, म्हणून ती उचकी. दादाने तो पक्षी दुरुस्त करून नेला आणि त्या माणसाच्या हातात दिला. आठवड्याने तोच माणूस उलटला. म्हणे परत दिलाच नाही, भावाबहिणीने संगनमताने लांबवला. विम्याचे पैसे त्याने खिशात घातले. पुरावा नाही म्हणून दादा सुटला, पण चोर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तो मरेपर्यंत पुन्हा कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. माझी गिऱ्हाइकं आपापली घड्याळं उचलून घेऊन गेली, बंद पडलेलीसुद्धा! दुकानाला मीच कुलूप घातलं.

लोक सांगतात, झालं गेलं विसरा. ज्यांचं काही गेलेलं नसतं त्यांना विसरणं सोपं असतं. तू हे गुपचूप मिटवू नकोस. आमची अब्रू चारचौघांत गेली, त्याचीही चारचौघांतच जाऊ दे. तोवर मिठाची गुळणी धर. तुझ्या पोटात तीळ भिजत नाही हे मला माहीत आहे, पण या खेपेला भिजव.

तुझी,
आत्या

३ सप्टेंबर

ती. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

तीळ अजून पोटात आहे. मोठ्या बाईंना सांगितलं तर त्या एवढं मोठं गिऱ्हाईक दुखवायचं नाही म्हणून पक्षी हळूच परत पाठवतील. तेव्हा मी गप्प आहे आणि त्याला वर्षाच्या शेवटच्या लिलावात ठेवलंय. चित्रं गेली, फर्निचर गेलं, दर वेळी त्यांच्या संग्रहाचं कौतुक मीच माझ्या तोंडाने केलं. जीभ झडली नाही, एवढंच नवल.

परवा म्हातारा चाकाच्या खुर्चीतून येऊन गेला. अत्तराचा वास तोच. मला ओळखलं नाही. माझा आवाज फार गोड आहे म्हणाला. शेवटच्या लिलावाला त्याचा सत्कार आहे. नजर अधू झाल्यामुळे काय काय विकायला आलंय ते तो बघत नाही, सगळं मुलावर सोडलंय.

त्या मुलाचंच वाईट वाटतं. माझा घसा बसला तर गोळ्या घेऊन आला. सुक्याबरोबर ओलंही जळेल गं.

तुझी,
बबडी

१० सप्टेंबर

चि. बबडीस आशीर्वाद.

तूही कुणाची तरी मुलगीच होतीस. तू बाकावर जाऊन बसलीस की वर्गातल्या मुली आपापल्या कंपासपेट्या दप्तरात टाकायच्या. घरी येऊन तू मला विचारलंस, त्या असं का करतात. तेव्हा तुझ्यासाठी कुणी गोळ्या आणल्या नव्हत्या. बाकी तुझं तू ठरव.

आत्या

१८ डिसेंबर

ती. आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

झालं एकदाचं.

हॉल खच्चून भरला होता, वर्तमानपत्रवालेही होते. पुष्पगुच्छ देऊन झाला, मग मी पक्षी टेबलावर ठेवला आणि चावी दिली. उचकी ऐकताच म्हाताऱ्याने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि नर्सला म्हणाला, मला घरी ने. मी गोड आवाजातच त्याच्या मुलाला विचारलं की हा पक्षी तुमच्या घरी किती वर्षं आहे. तो बिचारा हसत उभा राहिला. म्हणाला, मी शाळेत होतो तेव्हापासून. वडील तो कपाटात कुलपात ठेवायचे, कुणाला दाखवायचे नाहीत, मी दाराला कान लावून त्याची उचकी ऐकायचो.

मग मी हातोडा खाली ठेवला. सांगितलं की चोरीला गेला म्हणून ज्याच्या बातम्या छापून आल्या होत्या तो हाच पक्षी. ज्या ड्रायव्हरला चोर ठरवलं ते माझे वडील, आणि ज्यांना साथीदार ठरवलं त्या घड्याळवाल्या बाई माझी आत्या. ही उचकी त्यांच्या ठिगळाची आहे. म्हातारा ओरडला की हा दुसरा आहे, नंतर घेतलेला. कुणाकडून घेतला, मी विचारलं. तो पुन्हा नर्सला हाका मारायला लागला. तेवढ्यात पुढच्या रांगेतला त्याचा जुना मित्र उठला आणि म्हणाला, अरे, चोरी झाली म्हणून मी तुझं सांत्वन करायला आलो होतो, तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. कुणीतरी फस्सकन हसलं, मग अख्खा हॉल हसला. मला तेच हवं होतं, आत्या. नुसता धिक्कार नव्हे, हसू.

मुलगा तसाच उभा होता. आपणच काय बोलून बसलो, हे त्याला कळत गेलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. माझ्याने बघवलं नाही, पण थांबावंसंही वाटलं नाही.

मोठ्या बाईंनी माझा हातोडा काढून घेतला. नोकरी गेली.

तुझी,
बबडी

९ जानेवारी

चि. बबडीस पोटभर आशीर्वाद.

वर्तमानपत्रात दादाचा फोटो आला. खाली ‘निर्दोष’ असं छापलंय. मी तो शब्द बोटाने पुन्हा पुन्हा पुसून पाहिला, जातो का म्हणून. शेजारची मला बघून दार ओढून घ्यायची, ती काल बंद पडलेलं घड्याळ घेऊन आली. वेळ नाही म्हणून परत पाठवली. म्हातारपणी एवढी चैन करू दे मला.

त्या माणसाकडून वर्षभरात ज्यांनी ज्यांनी वस्तू घेतल्या ते आता त्या परत करायला रांग लावून उभे आहेत म्हणे. विमावाल्यांनी तक्रार केली आहे. परवा त्याचा मुलगा जिना चढून माझ्याकडे आला. खाली मान घालून बसला होता. दादा बसायचा ना, तसाच. मी त्याला सांगितलं की बाबा रे, तुझा यात काही दोष नाही, चहा घे. तर म्हणाला, वडिलांनी निरोप दिलाय. तुम्ही माफ केल्याचं दोन ओळींत लिहून दिलंत तर खटल्यात उपयोग होईल.

मी उलट निरोप पाठवला की मी कोण माफ करणार? माफी माझ्या भावाकडे मागा. तुमचं वय बघता भेट काही फार लांब नाही.

तुझं अंथरूण घालून ठेवलंय, लवकर निघ. लोभ आहेच, तो कशाला मागू?

तुझी,
आत्या