घोंगड्याच्या खिशातली वही

आबा, तुमच्या डबल बासला परवा नव्या तारा चढल्या. मी नाही चढवल्या, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुण्याहून एक मुलगी आली होती, हेच वाद्य वाजवणारी. तुमच्या फौजेतल्या बँडच्या जुन्या कपाटात तिला बँडमास्तरांच्या हातची एक यादी सापडली. तीनशे वर्षांपूर्वीचं, चेलो या धाकट्या वाद्याचं परदेशी संगीत त्यांनी डबल बासवर उतरवलं होतं, अशा सहा रचना, आणि प्रत्येकीपुढं शेरा, 'पक्की प्रत हवालदारांकडे'. हवालदार म्हणजे तुम्ही. त्या सहा वह्यांच्या मागावर ती आधी गावी गेली आणि तिथून पत्ता काढत धाराशिवला माझ्या दारात येऊन उभी राहिली. "काकू, तुमच्या वडिलांनंतर या रचना कुणीच वाजवलेल्या नाहीत. वह्या आहेत ना?" तिनं फार आशेनं विचारलं. मी म्हणाले, वाळवी लागली. तीस वर्षं शाळेत पोरांना 'खरं बोला' म्हणून छड्या दाखवल्या, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा वाळवी पुढं केली.

त्या वह्या तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात बसून लिहिल्यात. चुलीशेजारी उजेड चांगला, म्हणून पाटावर वही ठेवून तुम्ही ओणवे बसायचात आणि आई भाकरी थापताना करवादायची, "सरका की जरा तिकडं, पीठ उडतंय वहीवर." मी शेंगा फोडत बसलेली असायचे. एकदा मी विचारलं, हे आधीच लिहिलेलं आहे तर पुन्हा कशाला लिहिता? तुम्ही म्हणालात, "चेलो बसून वाजवत्यात, ह्यो उभ्यानं. त्येच्या तारा येगळ्या, आपल्या येगळ्या. सूर त्योच ठिवायचा, बोटं नवी हुडकायची." प्रत्येक सुराच्या डोक्यावर तुम्ही एक बारका आकडा घालायचात, कुठलं बोट ते सांगणारा. कुणी कौतुक केलंच तर तुमचं उत्तर ठरलेलं, "सूर बँडमास्तरांनी उतरवल्यात. म्या फकस्त बोटं घातली." आयुष्यात तुम्ही आपलं म्हणून एवढंच सांगितलंत. मरणाच्या आधी दोनदा मला बजावलंत, वह्या नीट ठेव, कुणाला तरी लागतील. मी हो म्हणाले.

तुम्ही गेलात आणि वर्षाच्या आत मी गावचं कपाट रिकामं करायला घेतलं. आपल्या गल्लीतली ती बाई तुम्हाला आठवत असेल, तेरखेड्याच्या कारखान्यासाठी घरी बसून फटाक्यांच्या कागदी नळ्या वळायची. ती दारात येऊन म्हणाली, "ताई, रद्दी हाय का?" मी पाच वह्या तिच्या हातात दिल्या. तिनं एक पान चिमटीत धरून बघितलं. "कागद लई दणकट हाय, नळी झ्याक वळंल." मला बरं वाटलं, आबा. कुणाच्या तरी कामाला आल्या असंच वाटलं. कपाटाचा कप्पा पुसून मी त्यात नवीन भांडी लावली. पुढं त्या दिवाळीत गावभर फटाके वाजले आणि मला काहीही आठवलं नाही. यंदाची दिवाळी तोंडावर आली आहे, आणि मला त्या आवाजाची नुसती कल्पनासुद्धा सहन होत नाही.

सहावी वही वाचली ती तुमच्यामुळं. आज्याच्या घोंगड्याची जी खोळ तुम्ही वाद्याला शिवली होती, तिला आतून एक खिसा आहे हे मला माहीतच नव्हतं. वाद्य गावाहून आणून कोपऱ्यात उभं केलं, पण खोळ मी इतक्या वर्षांत उघडली नव्हती. त्या मुलीनं खोळीचे बंद सोडले, आतल्या खिशातून वाजवायचा गज बाहेर काढला, गजाला घासायचा राळेचा खडा काढला, मग पुन्हा हात घातला आणि वही बाहेर आली. ती रडायलाच लागली. मी वहीचा पुठ्ठा ओळखला. तेरच्या माझ्या शाळेत तुम्ही जी आणली होती तीच ही.

तो दिवस मी टाळत आले आहे, पण आता लिहिते. माझ्या शाळेचं स्नेहसंमेलन. हेडसरांना कुणीतरी सांगितलेलं, मॅडमचे वडील फौजेत मोठा बाजा वाजवायचे, म्हणून त्यांनी तुम्हाला बोलावणं धाडलं. खरं तर तुम्ही येऊ नये असं मला वाटत होतं. तुम्ही महिनाभर सराव केलात. येताना दोन बस बदलल्यात. घोंगड्यात गुंडाळलेलं, तुमच्याहून उंच धूड दारातून आत घेताना कंडक्टरनं विचारलं, "ह्येचं तिकीट मानसाचं फाडू का सामानाचं?" तुम्ही म्हणालात, "मानसाचं फाडा. उभ्यानंच येतंय त्ये." हे तुम्ही मला केवढ्या खुशीत सांगितलंत. मी मात्र इकडंतिकडं बघत होते, कुणी बघतंय का म्हणून.

तुम्ही मंचावर उभे आहात. इस्त्रीचा पांढरा सदरा, छातीवर फौजेचं पदक. शेजारी बाकावर वही उघडी. पहिला सूर सगळ्यात जाड तारेवरचा, खोल, घोगरा. मांडवात हसू फुटतं. मागून एक पोरगं ओरडतं, "मॅडम, म्हस वरडाया लागली!" तुम्ही एकदा मान वर करून समोर बघता आणि वाजवत राहता. हसणं थांबत नाही. दुसरं पान सुरू होतं आणि मी मंचावर चढते, तुमच्या गजावर हात ठेवते. "आबा, पुरे आता. पोरांचा नाच आहे." तुम्ही म्हणता, "ह्योबी नाचच हाय गं. जुना, सावकाश." मग माझं तोंड बघून म्हणता, "व्हय, व्हय. पोरांचा टाइम हाय." आणि गजाचे केस सैल करता.

स्टँडवर मी चहा आणून दिला. तुम्ही रागवाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही फुंकर मारून चहा प्यालात आणि म्हणालात, "तुजी पोरं ग्वाड हायती." त्यानंतर घोंगड्याचे बंद सुटलेले मी कधी पाहिले नाहीत. एक शब्द बोलला असतात तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं.

परवा त्या मुलीनं माझ्या बैठकीत उभं राहून ती रचना वाजवली. दुसरं पान ओलांडून ती पुढं गेली आणि सूर वर चढला, बारीक तारेवर, इतका मऊ की मी हातातली बशी खाली ठेवली. हे माझ्या बापाकडं होतं आणि मी ते अर्ध्यावर अडवलं होतं. वाजवून झाल्यावर तिनं पहिल्या पानावरची पेन्सिलीची ओळ मला दाखवली. अक्षर तुमचं. 'हितं पोरं हसतील. हसू द्यावं. थांबू नये, ग्वाड पुढं हाय.'

ती आता ही रचना छापणार आहे. उरलेल्या पाच रचना मूळ चेलोच्या प्रतींवरून ती पुन्हा बांधायला बसली आहे, पण तुमची बोटं कुठून आणणार? काल तिनं प्रस्तावना वाचायला पाठवली. त्यात लिहिलं होतं, 'उरलेल्या पाच वह्या वाळवीने नष्ट झाल्या.' मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'पाच वह्या त्यांच्या मुलीने स्वतः फटाक्यांच्या नळ्यांसाठी देऊन टाकल्या.' पाठवूनही दिलं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही, कोण जाणे.

तिनं खाली एक प्रश्न विचारला होता, त्या पेन्सिलीच्या ओळीबद्दल. मुलं खरंच हसली होती का? मी लिहिलं, हो. ते खोटं नाही, पण तुम्ही मान वर करून बघितलंत ते पोरांकडं नव्हतं, आबा. पहिल्या रांगेत मी बसले होते, आणि आधी मी हसले. मॅडम हसल्या म्हणून मग पोरं हसली.